भरलेल्या गाडीचं सूत

तळोद्यात कुणालाही विचारा, गाडीचं मागचं चाक वाकडं पळत असेल तर जहीर मिस्तरीकडे जा म्हणून सांगतील. इंजिनाला दुसरे लोक आहेत, वायरिंगला तिसरे. पण मागचा एक्सल म्हटला की जहीर. डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीपांचे एक्सल त्यानं तीस वर्षं काढले, ठोकले, पुन्हा बसवले. माणूस बोलायला गोड, पण कामाबद्दल कुणाचा एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. ‘मी आवळेल बोल्टले दुसरांदा पाना लागत नही,’ हे त्याचं वाक्य साऱ्या जीपवाल्यांना पाठ होतं. त्यात फुशारकी थोडी होती आणि खरेपणा जास्त होता, हेही कबूल करायला हवं. आता अशा माणसाची चूक व्हायची म्हटली तर ती येरागबाळ्यासारखी होत नाही. ती त्याच्या हुशारीच्याच पोटात बसून राहते, आणि तिथं कोण कशाला शोधायला जातो!

शनिवारी सकाळी नवनीतची लाल गाडी टेम्पोवर लादून गॅरेजात आली. नवनीत म्हणजे कळसाडीच्या हेमकांतभाऊंचा धाकटा. घरी ऊस-कापूस, तो स्वतः शहाद्याला नोकरीला, सगळं बेस. पण त्याचा जीव अडकला होता तो या गाडीत. दिसायला चार माणसांच्या घरची वाटेल अशी छोटी गाडी, पण भलती तापट. पाय दाबला की माणसाची पाठ सीटला चिकटायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा सुरत, धुळे, नाशिककडची दहा-बारा पोरं अशाच गाड्या घेऊन धडगावच्या घाटात जमत. रविवारी सकाळी घाटाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करायची, रस्ता अडवायचा, आणि एकेकानं एकट्यानं गाडी वर न्यायची नि खाली आणायची. घड्याळ लावून. परवानगीबिरवानगी काही विचारू नका. मागच्या खेपेला खाली उतरताना नवनीतचं मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि एक्सल वाकला. नवा एक्सल सुरतेहून लाकडी पेटीत बांधून आला होता.

“चाचा, रविवारले आठ वाजता मन्हा नंबर शे,” नवनीत म्हणाला. “व्हई ना?”

“तीन वाजता ये नि गाडी लई जा.”

नवनीतनं खिशातून एक कागद काढला. कंपनीचे आकडे होते त्यावर, चाक किती आत झुकलेलं हवं, किती सरळ. “यामा लिखेल शे तसं करा, चाचा. खालनी ओळ बी दखा.”

जहीरनं कागद घडी करून खिशात टाकला. कागद इंग्रजीत होता, आणि कागद बघून एक्सल बसवायचे तर मग तीस वर्षं काय गोट्या खेळलो काय, असं त्याच्या मनात आलं. मिलीमीटर त्याला पाठ होते. खालची ओळ त्यानं बघितली नाही. त्या ओळीत एवढंच होतं की बोल्ट शेवटचे आवळताना गाडीत ड्रायव्हर बसलेला असावा, बाकी गाडी रिकामी असावी.

एक्सल बसवणं म्हणजे नुसतं लोखंड टांगणं नव्हे. या गाडीचा मागचा एक्सल लहान मुलाच्या पाळण्यासारखा असतो. पुढच्या बाजूला दोन कान, कानांत जाड रबराचे बूश, आणि त्या रबरातून जाणाऱ्या दोन बोल्टांवर सगळा पाळणा खालीवर हलतो. बोल्ट आवळला की रबर त्या जागी पकडलं जातं. जिथं आवळलं तिथं ते सुखी. तिथून वर किंवा खाली ओढलं की पिळवटतं, आणि सारखं मूळ जागी यायला बघतं. म्हणून गाडी रस्त्यावर जशी उभी राहणार, तशीच उभी करून ते बोल्ट आवळायचे. हे जहीरला कुणी शिकवलं नव्हतं. तो ते स्वतःच्या अनुभवानं शिकला होता, आणि त्याचं सगळं नाव याच एका गोष्टीवर उभं होतं.

त्याचं असं झालं होतं. सुरुवातीला तोही इतरांसारखा, चाकं सरळ आहेत का बघायला, रिकाम्या जीपेला सूत लावायचा. गॅरेजात जीप बाणासारखी सरळ, आणि डोंगरात अठरा माणसं, चार बकऱ्या, टपावर किराणा घेऊन चढली की खेकड्यासारखी. एक वर्ष डोकं खाजवल्यावर त्याला कळलं की डोंगरातली जीप रिकामी कधी जातच नाही. तेव्हापासून तो सूत लावायच्या आधी जीपेत रेतीची पोती भरायचा. सोळा पोती मोजून. भरलेल्या गाडीवर सूत, भरलेल्या गाडीवर पाना. बाकीचे मिस्तरी आधी हसले, मग गिऱ्हाईक गेलं तेव्हा गप्प बसले, आणि शेवटी स्वतःही पोती भरायला लागले. ही चाल सगळ्या तळोद्यात त्याच्या नावावर होती.

तर त्या शनिवारी दुपारी जुना एक्सल निघाला. नवा जॅकवर चढला, कान जाग्यावर बसले, बोल्ट हातानं फिरवून नुसते टेकवले. गाडी चाकांवर उतरली. जहीरनं चार लोखंडी घोड्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या, दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर पांढरं सूत ताणलं. मग उठला, भिंतीजवळ गेला, आणि रेतीची पोती उचलायला लागला.

गाडी लहान म्हणून त्यानं सहाच टाकली. बघा, डोकं चालवलं! पण कुठे चालवलं? चार मागच्या सीटवर, दोन डिकीत. गाडीनं मागून बूड टेकलं. त्याच्या हातांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हात तीस वर्षं हेच करत होते, आणि डोळे सुताकडे होते. त्यानं सुतापासून चाकाची पुढची कड मोजली, मागची मोजली. उजवीकडे दीड मिलीमीटरचा फरक होता, तिथं पत्र्याची चकती सरकवली. पुन्हा मोजलं. चारही बाजू अशा जुळल्या की त्याचं त्यालाच बरं वाटलं. मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून दोन्ही बोल्ट सगळा जोर लावून आवळले. दुसऱ्या दिवशी त्या गाडीत एकट्या नवनीतखेरीज कोणी बसणार नव्हतं, ही गोष्ट त्याला माहीत होती. माहीत होती, पण खड्ड्यात त्याच्याबरोबर उतरली नव्हती.

पोती काढली तेव्हा गाडी मागून उठली, पण पुरती उठली नाही. बोटभर खालीच राहिली, रुसल्यासारखी. जहीरनं तिच्याकडे क्षणभर बघितलं. नवं रबर आहे, बसेल, असं म्हणून त्यानं हात धुतले.

तीन वाजता नवनीत आला, बरोबर हेमकांतभाऊ, आणि नवनीतची बहीण स्वप्नाली. चला, चक्कर मारून बघू. नवनीत चालवायला, हेमकांतभाऊ त्याच्या शेजारी, मागे स्वप्नाली आणि जहीर, आणि डिकीत नवनीतच्या हत्यारांच्या दोन जड पेट्या नि स्टेपनी. धानोऱ्याच्या दिशेनं मोकळा रस्ता मिळाला तसा नवनीतनं पाय दाबला. गाडी अशी गेली की पोटातलं पाणी हललं नाही. वळणावर मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं, केसाचाही फरक नाही.

“जहीरभाई, गाडी आसी चालनी जशी रूळवर,” हेमकांतभाऊ मागं वळून म्हणाले.

“आते कोणीच हात लावू नका,” जहीर म्हणाला. “मी आवळेल बोल्टले दुसरांदा पाना लागत नही.”

नवनीत हसला. त्यानं गॅरेजात परत आल्यावर बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे बोल्ट हलला तर लगेच कळावं. जाता जाता म्हणाला, “सकाळले बाजूनी नि मांगली सीट काढी टाकस चाचा, स्टेपनी बी. तेवढंच वजन कमी.” जहीरनं मान डोलावली.

दिवेलागणीला तो जेवायला बसला. त्याची बायको जाहेदा दाराशी बसून एक फाटलेलं पोतं शिवत होती. गॅरेजची पोती तीच शिवायची. उचलताना एकाचा कोपरा उसवला होता आणि रेती सांडली होती.

“ये किसकी जीप थी आज?” तिनं सहज विचारलं.

“जीप नही. वो हेमकांतभाऊ के लडके की लाल गाडी.”

“उस में कितने लोग बैठते?”

“एक,” जहीर म्हणाला.

आणि त्याचा घास हातातच राहिला. जाहेदाला काही कळलं नाही, ती दोरा दातानं तोडत होती. पण जहीरच्या डोळ्यांसमोर एका क्षणात सगळं उभं राहिलं. रिकामी गाडी, सीट नाही, स्टेपनी नाही, मागून हलकी फूल. रबर पिळवटलेलं, चाकांना नको तिकडे ओढणारं. घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबला की गाडीचं सगळं वजन पुढे जातं, मागचं असलं-नसलं वजनही उडतं. तिथं ते चाक आपल्या मनानं वळणार. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं तरी मागून येणाऱ्या त्या हिसक्याला काय करणार पोरगं? त्या उताराला डाव्या बाजूला कठडा नाही, हे तळोद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्यानं फोन उचलला. हेमकांतभाऊंचा नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला आणि तसाच धरून बसला. काय सांगायचं? जहीर मिस्तरी चुकला? रिकाम्या गाडीत रेती भरली? उद्या सकाळपर्यंत शहादा, तळोदा, धडगाव हसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. दहा मिनिटांचं तर काम आहे, बोल्ट ढिले करायचे, नवनीतला आत बसवायचं, पुन्हा आवळायचे, चकती काढायची. सकाळी घाटाखाली जाऊ, शेवटची नजर टाकतो म्हणू, कुणाला काही कळणार नाही. त्यानं फोन खाली ठेवला.

पण एवढ्यावर भागलं असतं तर जहीर झोपला असता. तो झोपला नाही, कारण त्याला भिला आठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भिला घाटाखालच्या वस्तीतला, जीप चालवायचा. डोंगरात सवाऱ्या सोडून रिकामा परत येत होता, भर दुपारी, कोरडा रस्ता, समोरून कोणी नाही. जीप वळणावरून दरीत गेली. ती वर काढायला जहीरच गेला होता, दोर आणि ट्रॅक्टर घेऊन. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे बोल्ट त्यानंच पंधरा दिवसांपूर्वी आवळले होते, सोळा पोती भरून. वर आलेल्या जीपेखाली वाकून त्यानं बघितलं. उजव्या बाजूच्या बुशाचं रबर चिंधीसारखं फाटलेलं होतं. पडल्यामुळे फाटलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तो तुकडा ओढून काढून दरीत फेकून दिला. वर जमलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, पिऊन असेल, मिस्तरी, गाडीत तर काही दोष नाही ना? सगळ्यांनी जहीरकडे बघितलं. आणि जहीरनं मान हलवली. दोष नाही, अशी. तोंडानं एक शब्द काढला नाही, नुसती मान हलवली, आणि भिला त्या दिवसापासून दारूडा झाला.

दोन वर्षं त्यानं हे असं दाबून ठेवलं होतं की त्याला स्वतःलाही ते खोटं वाटायला लागलं होतं. त्या रात्री ते पुन्हा खरं झालं. लाज आणि भीती यांत मोठी कोणती, ते त्याला ठरवता येईना.

सकाळी सहाला तो जीप घेऊन निघाला. पाने, जॅक, सुताची गुंडी, सगळं बरोबर. घाटाच्या पायथ्याशी पोरं जमली होती, आठ-दहा गाड्या, कुणी टायरमधली हवा बघतंय, कुणी फोनवर वरच्या टोकाच्या माणसाशी बोलतंय. नवनीतची लाल गाडी रस्त्यावर उभी होती. आत पुढची एक सीट, मागे उघडा पत्रा. मागचा भाग अजून बोटभर खाली. बघणाऱ्याला वाटावं, मुद्दामच अशी दबकी ठेवली आहे.

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. ती भिलाच्या बायकोची, रमिलाबाईची. नवरा गेल्यावर तिनंच ती टाकली. जहीर तिथून गेला की ती त्याला हाक मारून चहा द्यायची आणि पैसे घ्यायची नाही, कारण त्यानं तिच्या नवऱ्याचं प्रेत दरीतून वर आणलं होतं. जहीर म्हणूनच त्या रस्त्यानं सहसा जात नसे.

“भाऊ, चहा ले,” ती म्हणाली.

“येस, बहिन. आते उनू,” असं म्हणून तो तिच्याकडे न बघता पुढे गेला.

नवनीत हातमोजे घालत होता. जहीरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दहा मिनिट दे. खाले जाईसन एक डाव दखी लेऊ दे.”

“काय दखनं शे, चाचा? काल तुम्हीच सांगं ना, आते हात लावू नका?” नवनीत खाली वाकला आणि बोटानं दाखवलं. “रेघ दखा. बोल्ट जागचा हालेल नही.”

बोल्ट हलला नव्हता, हीच तर गोम होती. जहीर म्हणाला, तरी पण. नवनीत म्हणाला, माझा नंबर आता लागतोय, वीस मिनिटं राहिली, या वेळी पाना लावायचा म्हणजे अपशकुन. बाजूला उभे असलेले हेमकांतभाऊ पुढे आले. पोराच्या या नादाला त्यांचा विरोध होता, पण पोरगा जाणारच म्हटल्यावर गाडी तरी जहीरच्या हातची असावी, एवढीच त्यांची अट होती. त्या भरवशावर ते आज तिथं उभे होते.

“काय व्हयनं, जहीरभाई?”

“हेमकांतभाऊ, मन्ही चूक व्हयनी,” जहीर म्हणाला. “भरेल गाडीवर बोल्ट आवळात मी. जीपना आवळस तसा. हाई गाडी रिकामी जावाव शे. रिकामी गाडी मांगून सरकी.”

हेमकांतभाऊ त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग चक्क हसले. “तुम्हनी चूक? जहीरभाई, तुमले रातले झोप नही लागनी वाटतं. काल आम्ही बठनूत ना गाडीमा?”

“काल चार जण व्हतूत. म्हनीसनच सरळ चालनी.”

“बरं, आज परत दखू,” हेमकांतभाऊ म्हणाले, आणि जहीर काही बोलायच्या आत गाडीचं दार उघडून मागच्या उघड्या पत्र्यावर जाऊन बसले. मोठा भारदस्त माणूस. ते बसले तसे नवनीतचे दोन मित्र हसत हसत त्यांच्या दोन्ही बाजूंना घुसले. “चाल रे, तीन वळणं वर जाऊ नि येऊ.”

“भरीसन नका दखू!” जहीर ओरडला. “तेच तं सांगी ऱ्हायनू मी!”

पण गाडी सुटली होती. तो रस्त्यात उभा राहून आवाज ऐकत राहिला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मग आवाज फिरला आणि खाली यायला लागला. टायर कुठेही ओरडला नाही. काय करायचं असतं माणसानं अशा वेळी? गाडी सुखरूप यावी अशी दुवा करायची, की एकदा तरी मागून सरकावी अशी? गाडी सुखरूप आली. त्याच्याच चुकीचं सूत तिच्यावर नेमकं बसलं होतं, तिघांच्या वजनावर.

“दखं?” हेमकांतभाऊ उतरून पॅन्ट झटकत म्हणाले. “केसभर बी हालनी नही. जहीरभाई, तुम्हना हात शे तो. तुमले त्याना भरोसा नही, माले शे.”

मित्र उतरले. गाडी मोकळी झाली. मागून उठली, आणि पुन्हा बोटभर अलीकडेच थांबली. ते बघायला जहीरखेरीज कुणाला डोळे नव्हते. वरच्या टोकाहून फोन आला की रस्ता मोकळा आहे. एका पोरानं घड्याळ हातात घेतलं. नवनीतनं हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला, गाडी रेघेवर आणून उभी केली. इंजिन गुरगुरत होतं.

जहीर गाडीसमोर जाऊन उभा राहिला. दोन पोरांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी मानानं, चाचा चाचा म्हणत. एकजण म्हणाला, “नवनीत, मिस्तरीले घाबरा व्हयेल शे, तू जाय.” घड्याळवाल्यानं हात वर केला.

चूक कबूल करून झाली होती. त्याचं नावच एवढं मोठं होऊन बसलं होतं की त्या नावाखाली त्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. आता त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती त्यानं दोन वर्षं कुणाला दाखवली नव्हती, आणि ती ज्या बाईपासून लपवायची ती वीस पावलांवर चहा गाळत होती. पण घड्याळवाल्याचा हात वर गेलेला होता, आणि तो खाली आला की संपलं.

“भिलानी जीप बी मीच आवळेल व्हती!” जहीर ओरडला. “आसीच! भरेल गाडीवर! तो रिकामी लई येत व्हता!”

घड्याळवाल्याचा हात वरच राहिला.

“बुशनं रबर फाटेल व्हतं,” जहीर म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती, सगळे गप्प झाले होते. “मी ते काढीसन दरीमा फेकं. बठ्ठा लोक मन्हाकडे दखी ऱ्हायनात, नि मी मुंडी हालाडी. भिलानी पेयेल नव्हती. मन्ही चूक व्हती ती. आते हाई दुसरी.”

हेमकांतभाऊंच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते त्या दिवशी दरीच्या काठावर होते की नव्हते कोण जाणे, पण भिलाला दारूडा म्हणणाऱ्यांत तेही होतेच. माणूस स्वतःच्या तोंडाला असं काळं फासून घेतो ते उगाच नाही, एवढं त्यांना कळलं. ते गाडीजवळ गेले आणि खिडकीतून आत हात घालून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. नवनीतनं हेल्मेट काढलं. मागे वळून त्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिला.

जहीरनं टपरीकडे बघितलं. रमिलाबाई बाहेर आली होती. हातातली गाळणी तशीच होती आणि तिच्यातून चहा ठिबकत होता.

“काय सांगं, भाऊ?” ती म्हणाली. “परत सांग.”

“भिलानी पेयेल नव्हती, बहिन.”

“नव्हती?”

“नही.”

“तुले तवयच माहीत व्हतं?”

“हो,” जहीर म्हणाला. माहीत नव्हतं, नुसता संशय होता, असं म्हणता आलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

त्याला वाटलं ती रडेल, अंगावर धावून येईल, ती गाळणी तोंडावर फेकेल. आणि यातलं काही तरी तिनं करावं असं त्याला फार वाटत होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. टपरीत गेली, गाळणी पातेल्यात टाकली, स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले. बाहेर आली तेव्हा चेहरा कोरडा होता.

“मन्ही सासू अजून त्याले शिव्या देस,” ती म्हणाली. “मोतीबाई. रोज सांजले दिवा लायस, नि पोऱ्याना फोटोले शिव्या देस. दारूड्या, मन्हं नाव बुडायं तू, आसं म्हणस. दोन साल व्हयनात. मी कितलांदा सांगं, माय, तो पेत नव्हता. ती म्हणस, मिस्तरीनी सोता सांगं ना, गाडीमा दोष नव्हता.”

जहीरनं खांद्यावरची पान्यांची पिशवी खाली ठेवली.

“तिले आते दिसत नही. तुन्हा आवाज वळखी ती,” रमिलाबाई म्हणाली. “चाल. तिले सांग.”

वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. नवनीत गाडीतून उतरला, आणि जहीरला वाट देण्यासाठी बाकीची पोरं मागं सरली. रमिलाबाई पुढे निघाली, आणि पान्यांची पिशवी रस्त्यावरच टाकून जहीर तिच्या मागे चालायला लागला.